पंचमीला मी आउट ऑफ स्टेशन होतो

त्या पंचमीला मी साताऱ्यातच होतो. हे एवढं वाक्य मी आधीच लिहून टाकतो, कारण मागे ठेवलं तर ते राहून जाईल. आजवर तसंच होत आलं. मी परगावी गेलो नव्हतो, आजारी नव्हतो, कामात तर मुळीच नव्हतो. ज्या वकीलसाहेबांकडे मी कारकून होतो त्यांच्या घराच्या माडीवर, अंगात पिवळ्या साटिनचा अंगरखा घालून आणि हातात पुठ्ठ्याच्या पात्याचा भाला धरून मी उभा होतो. खाली ओसरीवर माझ्या बहिणीचे सासरे माझी चौकशी करत होते. त्यांना सांगण्यात आलं की मी आउट ऑफ स्टेशन आहे. सांगितलं वकीलसाहेबांनी, पण सांगायला लावलं मी.

हे तीन शब्द मला वकीलसाहेबांनीच शिकवले होते. मी त्यांच्याकडे नवा होतो तेव्हाची गोष्ट. दुपारी जेवून ते आडवे झाले की कुणी ना कुणी पक्षकार यायचाच. पहिल्या दिवशी मी खरं ते सांगितलं, साहेब झोपलेत. पक्षकार म्हणाला, झोपू द्या, आणि ओसरीवर बसला. उठल्यावर साहेब मला रागावले. दुसऱ्या दिवशी मी म्हणालो, साहेब घरी नाहीत. हा पक्षकार माणदेशातला होता. तो म्हणाला, येतील की, आणि त्यानेही बैठक मारली. भाकरी सोडून खाल्ली, आत पाणी मागितलं, बाईसाहेबांना पावसापाण्याचं विचारलं, आणि उन्हं उतरल्यावर साहेब पोट खाजवत आतल्या खोलीतून बाहेर आले तेव्हा उठून त्यांना रामराम केला. साहेब घरात नसताना घरातूनच कसे आले, असं त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

त्या संध्याकाळी साहेबांनी मला समोर बसवून समजावलं. मराठीत 'नाहीत' म्हटलं की आपला माणूस त्याचा अर्थ 'अजून नाहीत' असा घेतो. त्याला बसायला घोंगडं आणि प्यायला पाणी मिळालं की तो तुमच्या 'नाहीत'ची वाट पाहत बसतो. म्हणून इंग्रजीत सांगायचं. साहेब आउट ऑफ स्टेशन आहेत.

मी सांगून पाहिलं. पक्षकार उभाच राहिला. कधी येणार, कुठे गेलेत, काही नाही. कलेक्टरचा हुकूम ऐकावा तसा त्याने तो ऐकला, पायताणात पाय घातले आणि गेला. मला थोडं वाईट वाटलं, पण फार नाही. खोटं बोलू नये असं आईने मला शिकवलं होतं, पण ते तिने मराठीत शिकवलं होतं.

पुढे त्या घरात हे शब्द चुलीसारखे रोज पेटायला लागले. साहेबांनी कज्ज्याचे कागद वाचलेले नसले की ते आउट ऑफ स्टेशन असत. ग्रामोफोनवर नवी तबकडी लागली की असत. मेहुणे आले की हमखास असत. बाईसाहेबांनीही ते उचललं. शेजारीण पुरणयंत्र मागायला आली की त्या आतूनच सांगत, ते आउट ऑफ स्टेशन आहे; आणि ती बिचारी 'आलं की सांगा' म्हणून जायची. कोर्टात न्यायाधीश चिडलेले असले की वकिलांच्या खोलीत म्हणत, आज साहेबांचं डोकं आउट ऑफ स्टेशन आहे, तारीख मागून घ्या.

ते दिवस बेचाळीसच्या चळवळीनंतरचे. कृष्णाकाठच्या गावांतली कितीतरी तरुण पोरं घरात नसायची आणि फौजदार दारोदार विचारत फिरायचे. आमची एक पक्षकार म्हातारी होती, बांधाच्या भांडणाची. आमच्या दारातून दोनदा परत गेल्यामुळे तिला हे शब्द पाठ झाले होते. फौजदार तिच्या नातवाला शोधत आला तेव्हा तिने दळता दळता सांगितलं, आउट ऑफ स्टेशन हाय. फौजदार स्वतः वरच्या साहेबाला हेच सांगून दौरे चुकवायचा, असं लोक म्हणत. त्याला पुढचा प्रश्न सुचेना. तो पाणी पिऊन गेला. म्हातारीने हे आम्हाला येऊन सांगितलं आणि साहेबांनी त्या खुशीत तिला त्याच दिवशी आत बोलावून तिचं काम ऐकलं.

म्हणजे चांगल्या कामालाही हे शब्द लागले. मी मात्र ते लावले माझ्या सख्ख्या बहिणीला.

आक्का माझ्याहून मोठी. आमचं गाव म्हसवडच्या अलीकडे, आणि ती दिली होती तासगावजवळच्या एका खेड्यात. वडील नव्हते, भाऊ मी एकटा. आमच्याकडे सासुरवाशीण नागपंचमीला माहेरी येते, पण ती आपली आपण निघून येत नाही. माहेराहून कुणीतरी न्यायला जावं लागतं. त्याला मुराळी म्हणतात. मुराळी नुसता सोबतीला नसतो. तो आला म्हणजे हिच्या मागे माणसं आहेत, हे सासरच्या गल्लीला कळतं. तो आला नाही म्हणजेही गल्लीला कळतं. ज्या घरात चार सुना असतात तिथे पंचमीच्या आधीच्या आठवड्यात एकेकीचा भाऊ दारात येतो, आणि उरलेल्या सुना भाकरी थापता थापता रस्त्याकडे कान लावून असतात.

आक्काच्या मागच्या दोन पंचम्या हुकल्या होत्या. एकदा मूल तान्हं होतं, एकदा सासूचा पाय मोडला होता. त्या वर्षी सासू (आक्का तिला आत्याबाई म्हणे) आपणहून म्हणाली, औंदा जाऊन ये बाई. आईने मला निरोप धाडला, आक्काला घेऊनच ये. मी हो म्हणून कळवलं. साहेबांकडे रजा मागायची तेवढी राहिली. आज मागू, उद्या मागू, असं चाललं होतं.

कारण साहेबांच्या मंडळाचं गणपतीतलं नाटक. त्याच्या तालमी आषाढातच सुरू व्हायच्या, साहेबांच्या माडीवर. आधीच्या वर्षी मी फक्त पेट्रोमॅक्स उचलायला होतो. या वर्षी मला भूमिका मिळाली होती, दरबाराच्या दारावरच्या शिपायाची. एकच वाक्य होतं: "सरकार, दारी पाहुणे आले आहेत." पण ते वाक्य माझं होतं. नाटक बसवणारे एका शाळेतले मास्तर होते. जो तालीम चुकवेल त्याची भूमिका गेली, असं त्यांनी पहिल्या दिवशीच सांगून टाकलं होतं. आणि कचेरीतला एक शिकाऊ उमेदवार रोज न चुकता कोपऱ्यात येऊन बसायचा. माझी पाळी आली की माझ्याबरोबर त्याचेही ओठ हलायचे. मला रात्री स्वप्नात त्याचे ओठ दिसत.

पंचमीच्या आधीच्या रविवारी पोशाख घालून तालीम होती. माडीच्या खिडकीतून मी सहज खाली पाहिलं, तर लाल फेटा येताना दिसला. खाकी कोट, कोटावर बिल्ले, हातात वेताची छडी. आक्काचे सासरे पहिल्या लढाईत बसऱ्याकडे लढून आलेले पेन्शनर सुभेदार होते. तेव्हा तासगाव सातारा जिल्ह्यातच होतं, त्यामुळे पेन्शनीच्या कामाला त्यांना साताऱ्याला यावं लागे. शनिवारी काम उरकून ते आज इकडे कशाला आले हे मला वरूनच कळलं. आलोच आहोत तर पाव्हण्यांना संगं घेऊन जाऊ, म्हणजे पोरीला वाट बघायला नको.

एवढा चांगला विचार करून आलेल्या माणसाला पाहून मी काय केलं, तर मागच्या जिन्याने खाली पळालो. साहेब वर्तमानपत्र तोंडावर घेऊन पडले होते. मी म्हणालो, "साहेब, ओसरीवर माझे पाहुणे आलेत. मी आउट ऑफ स्टेशन आहे."

त्यांनी वर्तमानपत्र बाजूला केलं, चष्मा चढवला आणि माझ्या साटिनच्या अंगरख्याकडे, मग भाल्याकडे पाहिलं.

"कुठे गेला आहेस?"

"मुंबईला."

"कशाला?"

ते मी ठरवलंच नव्हतं. त्यांच्यासाठी मी हे इतक्या वेळा सांगितलं होतं, पण कशाला, असं मला कुणी कधी विचारलं नव्हतं. साहेब खूश होऊन उठले. त्यांची ही पाळी प्रथमच आली होती. कोटाच्या गुंड्या लावत ते बाहेर गेले आणि मला कधी जमलं नाही इतक्या झोकात त्यांनी सांगितलं, की आपले पाहुणे आमच्या कामासाठी मुंबईला आउट ऑफ स्टेशन आहेत. हायकोर्टाचं काम आहे. दुसऱ्या कुणावर सोपवण्यासारखं नाही. हे शेवटचं त्यांनी पदरचं घातलं. दिलदार माणूस, घालायचं तर हात आखडून कशाला घाला.

मी जिन्याने पुन्हा वर गेलो आणि पोचतो तोच माझी पाळी आली. मी वाक्य हळूच म्हणून टाकलं. मास्तरांनी शिट्टी वाजवून तालीम थांबवली. शेवटच्या ओळीत बसलेल्या माणसाला ऐकू गेलं पाहिजे, म्हणाले. उमेदवार कोपऱ्यात सरसावून बसला. त्याच्याकडे पाहिलं आणि मी सगळा जीव एकवटून ओरडलो, "सरकार, दारी पाहुणे आले आहेत."

ते ओसरीपर्यंत गेलं. बाईसाहेबांनी मला नंतर सांगितलं. सुभेदार तांब्यातून पाणी पीत होते. तांब्या ओठाशी थांबला. त्यांनी एकवार माडीच्या तक्तपोशीकडे पाहिलं, मग उरलेलं पाणी सावकाश संपवलं आणि तांब्या पालथा घातला. साहेबांना खोकला आला होता, तो ओसरेपर्यंत थांबले. मग म्हणाले, "बरं हाय. आलं की सांगा, यिऊन गेलो म्हनून." छडी उचलली आणि गेले.

गणपतीत नाटक झालं. ऐन वेळी भाल्याचं पातं वाकलं, तेवढंच लोकांच्या लक्षात राहिलं.

आईला मी कळवलं की आक्काच्या सासरी काम निघालं, पाठवत नाहीत. एक खोटं इंग्रजीत होतं, हे मात्र मी मराठीत बोललो.

दिवाळीला मी तासगावला गेलो. कोळशाच्या गॅसवर चालणारी सर्व्हिस मोटार होती, ती चढाला थांबायची. मी प्रत्येक चढाला मनात म्हणायचो, बंदच पडली तर बरं. हातात कंदी पेढ्यांचा पुडा होता. सुभेदारांनी सगळं सांगितलं असणार आणि आक्का माझं तोंडही पाहणार नाही, अशी मनाची तयारी केली होती.

आक्का उंबऱ्यावरून हसतच आली. मला घोंगडीवर बसवलं आणि जावांना हाका मारून बोलावलं. शेजारच्या दोघी भिंतीवरून डोकावल्या. आक्काने माझी ओळख करून दिली, जणू मी आत्ताच विलायतेच्या बोटीतून उतरलो होतो.

"ह्यो माझा भाऊ. पंचमीला आउट ऑफ स्टेशन व्हता." ते शब्द ती सावकाश, एकेक जपून उचलून ठेवत म्हणाली. "हायकोर्टाचं काम. दुसऱ्या कुनाला देतच न्हाईत."

थोरली जाऊ म्हणाली, "म्हंजी लय मोठा सायब हाय म्हनायचा."

"न्हाई, सायब कुठला," मी म्हणालो. हे खरंच होतं, पण त्यांना तो विनय वाटला. मी पुडा सोडून पेढे वाटायला लागलो.

मग कळलं की आक्काने हे शब्द साऱ्या गल्लीत वाटले होते. लढाईमुळे रॉकेल मिळत नव्हतं, तर दुकानदार सांगायचा, रॉकेल आउट ऑफ स्टेशन हाय. कुळव जुंपायची वेळ झाली की आक्काचा धाकटा दीर आउट ऑफ स्टेशन असायचा. एका घरची कोंबडी दोन दिवस दिसली नाही, तिच्याबद्दलही तेच म्हणत, आणि शेजाऱ्याच्या अंगणातली पिसं बघून हसत. प्रत्येक वेळी हसून झालं की बायका आक्काकडे पाहायच्या, कारण हे शब्द तिच्या माहेरचे होते. दुसरीच्या माहेराहून लुगडं आलं असेल, हिच्या माहेराहून हे आलं होतं. मुराळी न आलेली सून म्हणून तिला कुणी बोललं नाही. माझ्या खोट्याने तिची लाज राखली, आणि तिथेच माझी जास्त पंचाईत झाली. तिला खरं सांगायचं म्हणजे तिच्या अंगावरचा दागिना ओढून घेण्यासारखं होतं.

संध्याकाळी सुभेदार मला गोठ्याकडे घेऊन गेले. बैलाच्या पाठीवर हात फिरवत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "आवं पाव्हणं, पलटनीतबी आउट ऑफ स्टेशन असायचं. पर त्याला चिठ्ठी लागायची, कर्नलसायबाच्या सहीची. बिगरचिठ्ठीचा गडी सापडला की कोठडीत." मग म्हणाले, "तुमची चिठ्ठी कुनाची व्हती?"

मी बैलापुढची वैरण सारखी करायला लागलो.

"आवाज मातुर खणखणीत हाय तुमचा," ते म्हणाले. "मी पोरीला काय बोललो न्हाई. ती खुशीत हाय. सांगायचं ते तुमीच सांगा, कवा सांगायचं ते तुमीच ठरवा."

मी ठरवलं की पुढच्या पंचमीला मुराळी होऊन जायचं, आणि वाटेत मोटारीत तिला सांगायचं. श्रावण लागायच्या आधीच रजा मागितली आणि येतो म्हणून कळवलं. चार दिवसांनी पेन्शनीला आलेल्या सुभेदारांच्या तोंडून आक्काचा निरोप आला. काम सोडून येऊ नकोस. तुझ्यावाचून तिथं अडतं हे मला ठावं आहे. मी आत्याबाईंना सांगून टाकलंय, माझा भाऊ कामाचा माणूस, त्याची वाट बघायची न्हाई.

निरोप सांगून सुभेदार माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. मी म्हणालो, बरं. रजा घेतली नाही. तिने सोडवलं आणि मी सुटलो, असं मी स्वतःला समजावलं.

मग तेच चालू राहिलं. दर श्रावणात आक्काच्या जावांचे भाऊ यायचे आणि आक्का अभिमानाने सासरी थांबायची. दर श्रावणात आई विचारायची, आक्का का येत नाही, आणि मी म्हणायचो, सासू पाठवत नाही. आईने त्या सासूवर मनोमन डूख धरला. पुढे एका लग्नात दोघी समोरासमोर आल्या. आक्काची सासू पाय ओढत मुद्दाम आईजवळ येऊन बसली, पोरीचं कौतुक सांगू लागली. आईने तिला चहा दिला तो गार झालेला, आणि पान दिलं त्यात सुपारी नव्हती. त्या बाईला काही कळेना. ती पान उलगडून बघत राहिली. मला सगळं कळत होतं, आणि मी वाढप्याचं काम अंगावर घेऊन दुसऱ्या पंगतीत निघून गेलो.

सुभेदार मात्र साताऱ्याला आले की आमच्या ओसरीवर येऊन जात. मी समोर असलो तरी साहेबांना विचारत, "आमचं पाव्हणं टेशनात हायती का?" साहेब हसत, मीही हसे. ते कधी त्याच्या पुढे गेले नाहीत.

दशक संपत आलं तेव्हा सांगलीचं संस्थान विलीन झालं होतं. नव्या जिल्ह्याचं ठाणं तिकडे होणार असं ऐकून साहेबांनी सांगलीत बिऱ्हाड केलं, त्यांच्याबरोबर मीही गेलो. आता आक्काचं गाव माझ्यापासून सकाळी निघून दुपारच्या जेवणाला पोचण्याइतकं जवळ होतं. पहिल्याच श्रावणात सांगलीच्या बाजारात पंचमीच्या बांगड्यांची दुकानं लागली आणि कासारापुढे हात धरून बसलेल्या बायका दिसल्या. त्यांच्याशेजारी बोचकी घेऊन त्यांचे भाऊ उभे होते, कंटाळलेले. मी तिथे बराच वेळ थांबलो.

दुसऱ्या दिवशी साहेबांना म्हणालो, बहिणीला माहेरी पोचवायचं आहे, रजा हवी. मी पाचसहा कारणं तयार ठेवली होती. साहेब कागदातून मान वर न करता म्हणाले, जा की. इतकं सोपं होतं ते. त्या रविवारीही तेवढंच सोपं असतं, हे मला तेव्हा कळलं.

पोचलो तेव्हा आक्का परसात चुलीपुढे बसून पंचमीच्या लाह्या भाजत होती. घरातली बाकीची माणसं रानात होती. सुभेदार सोप्यात होते. त्यांनी मला पाहिलं, काही न विचारता छडी उचलली आणि जाता जाता नातवंडांनाही हाकून बाहेर नेलं.

"काम सोडून आलास?" आक्काने विचारलं. तिच्या आवाजात काळजी होती. "सायब रागवायचा न्हाई न्हवं?"

मी तिच्यापुढे उकिडवा बसलो. म्हणालो, "आक्का, हायकोर्टाचं काम नव्हतं. त्या पंचमीला मी साताऱ्यातच व्हतो. तुझे मामंजी आले तवा मी माडीवर व्हतो."

खापरात लाह्या तडतडत होत्या. तिला ऐकू गेलं नाही असं मला वाटलं. तिने फडक्याने खापर उतरवून बाजूला ठेवलं.

"काय करत व्हतास माडीवर?"

"नाटकाची तालीम."

"राजा व्हतास?"

"दारावरचा शिपाई."

"बोलायचं किती व्हतं?"

"एकदाच."

"येकदाच," ती म्हणाली. मग तिच्या ओठांचे कोपरे हलले. "समद्या गल्लीला म्या हायकोर्ट सांगितलं रं. आन तू दारावरचा शिपाई." ती हसायला लागली, पदर तोंडात धरला तरी थांबेना. मी आईला काय सांगत आलो तेही मग सांगून टाकलं. ते ऐकून ती आणखीच हसली. "म्हनून त्या लग्नात आत्याबाईंना गार च्या व्हय. अजून म्हनत्यात, तुझ्या आईला पानात सुपारी घालायची ठावं न्हाई."

मीही हसलो. मला वाटलं, झालं, संपलं.

तिने डोळे पुसले. खापरातली एक जळकी लाही उचलून चुलीत टाकली, मग आणखी एक. माझ्याकडे न बघता बोलायला लागली. "मामंजी साताऱ्याला गेलं तवाच मी बोचकं बांधलं व्हतं. पोराची आंगडी, माझं हिरवं लुगडं. बांगड्या भरल्या व्हत्या. मामंजी एकलेच आले. म्हनले, कामात हाय, येत न्हाई. तरी म्या बोचकं सोडलं न्हाई. म्हनलं, काम उरकून आलाच तर बांधाबांधीत येळ नको जायाला. जावा गेल्या समद्या. पोरगं म्हनायचं, आई, माझं आंगडं काढ, म्या म्हनायची, ऱ्हाऊ दे, बांधलेलं हाय. पंचमी उलटून गेल्यावर सोडलं."

वाटेत मोटारीत मी बरंच काही जुळवून आणलं होतं. साहेबांनी पदरचं घातलं ते, मास्तरांची अट, कोपऱ्यातला तो उमेदवार, तिचाच निरोप. त्यातलं काहीही आता तोंडात येईना. मी वाकून तिच्या पायांना हात लावला. पायांवर चुलीतली राख होती.

"चुकलं माझं, आक्का," मी म्हणालो. "त्या पंचमीला मी यायला पायजे व्हतं. तू नको म्हनलीस तवाबी यायला पायजे व्हतं."